घरांत राहून घराबाहेर पडलेला मुलगा
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



अशा मंगल प्रसंगीं एखाद्या संताचें चरित्र सांगावें, नाहीं तर धर्मग्रामाच्या पूर्वपीठिकेचें स्मरण करावें, असा प्रघात आहे. तो बाजूस ठेवून आम्ही आज एका किड्याची कथा सांगण्यास उभे राहिलों आहों, हें पाहून कित्येकांस विस्मय वाटेल. परंतु व्याख्यानासाठीं आम्हांस जो विषय देण्यांत आला तो 'कुटुंब' हा होय. आणि ज्या दिवशीं जो तो कुटुंबाचें गुणगान करितो, त्याच दिवशीं कुटुंबांत राहून कुटुंबास मुकलेल्या मनुष्याचीही आठवण कोणीतरी करावयास हवी, असें आमच्या मनानें घेतलें.

कथेचें नांव 'रूपांतर'. ती मूळ जर्मन भाषेंतील असून तिचा कर्ता फ्रान्झ काफ्का हा होय. काफ्का ३ जुलै १८८३ रोजीं प्राग शहरीं एका यहुदी व्यापाऱ्याच्या घरीं जन्मला. कायद्याची पदवी घेऊन १९०८ पासून १९२२ पर्यंत त्यानें कामगारांच्या अपघात-विम्याच्या कचेरींत नोकरी केली. आणि ३ जून १९२४ रोजीं, वयाचीं एकेचाळीस वर्षेंही पुरीं झालीं नसतां, व्हिएन्नाजवळील कीरलिंग येथील आरोग्यधामांत तो क्षयानें मरण पावला. ही कथा त्यानें १९१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत अवघ्या तीन आठवड्यांत लिहिली, व ती १९१५ सालीं प्रसिद्ध झाली. लिहितां लिहितां मध्येंच त्यास कचेरीच्या कामासाठीं परगांवीं जावें लागलें, आणि त्या खंडामुळें कथा बिघडली, विशेषतः तिचा शेवट बिघडला, अशी रुखरुख त्याच्या मनास पुढें लागून राहिली. फिरत्या विक्रेत्याची कथा फिरतीच्या कामानेंच मोडावी, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा! शेवट बिघडला हें त्याचें मत आम्हांस पटत नाहीं. कां पटत नाहीं तें ओघानें येईल.

कथेचा नायक ग्रेगोर सामसा हा कापडाच्या एका पेढीचा फिरता विक्रेता आहे. पांच वर्षांपूर्वीं त्याच्या बापाचा धंदा बुडाला. ज्या धन्याचें बापास देणें झालें, त्याच्याच पेढींत हा मुलगा राबूं लागला. कर्ज फिटावयास अद्याप पांच-सहा वर्षें लागणार होतीं. या पांच वर्षांत एक दिवसही तो आजारी म्हणून घरीं राहिला नव्हता. असा हा ग्रेगोर एके दिवशीं सकाळीं जागा होतो, तों आपण एक भला मोठा किडा झालों आहों, असें त्याच्या दृष्टीस पडतें. हें कां झालें, कोणत्या पापाचें फळ म्हणून झालें, हें लेखक सांगत नाहीं, आणि घरांतील कोणी विचारीतही नाहीं. परीकथांतून राजपुत्राचा बेडूक होतो खरा, परंतु तेथें शापाला उःशापही असतो. कोणाच्या तरी प्रेमानें तो बेडूक पुन्हां मनुष्य होतो. काफ्कानें शाप ठेवला आणि उःशाप काढून टाकला.

ग्रेगोरास पहिली चिंता वाटते ती आपल्या देहाची नव्हे. घड्याळाचा गजर चारांस लावला होता, आतां साडेसहा वाजले; पांचांची गाडी चुकली, सातांची तरी गांठतां येईल काय? ज्याला स्वतःचे पाय ओळखतां येत नाहींत तो मनुष्य आगगाडीच्या वेळापत्रकाची काळजी करितो आहे! वाचक येथें हंसतो, आणि हंसतां हंसतां त्यास कळून येतें कीं हा मुलगा किडा होण्यापूर्वींच यंत्र झालेला होता. सव्वासात वाजण्यापूर्वींच पेढीचा वरिष्ठ कारभारी घरीं येऊन दाखल होतो. एका नोकरास एका सकाळीं उशीर झाला, तर कारभाऱ्यानें स्वतः त्याच्या दाराशीं यावें! ग्रेगोर आंतून गयावया करितो, परंतु त्याचे शब्द बाहेर कोणासच कळत नाहींत. कारभारी म्हणतो कीं हा जनावराचा आवाज आहे.

येथें एक बारकावा आहे, आणि आमच्या दृष्टीनें तो कथेचें मर्म आहे. आवाज ऐकून आई घाबरते व बहिणीस डॉक्टरकडे पिटाळते. बाप मोलकरणीस कुलुपवाल्याकडे धाडतो. दारामागें असलेल्या ग्रेगोरास या दोन्ही हुकुमांनीं अतिशय समाधान होतें. आपण अजून माणसांच्या मंडळांत आहों, आपल्यासाठीं वैद्य येत आहे, असें त्यास वाटतें. पुढें दार उघडतें, घरचीं माणसें त्याला पाहतात, कारभारी जिन्यावरून पळून जातो, आणि बाप काठीनें व वर्तमानपत्रानें मुलास खोलींत हांकून दार लावून घेतो. त्या डॉक्टरास मग काय सबब सांगून परत पाठविलें, तें ग्रेगोरास कधींच कळलें नाहीं. त्यानंतर तो कित्येक महिने जगतो. त्या महिन्यांत डॉक्टर बोलावण्याची गोष्ट कोणीही काढीत नाहीं. श्रोतेहो, या कथेंत काठी आहे, मारलेलीं फळें आहेत. परंतु हा न बोलाविलेला डॉक्टर आम्हांस त्या सर्वांहून अधिक भयंकर वाटतो.

घरच्यांचा समज असा झाला कीं, ज्याचें बोलणें आपणांस समजत नाहीं त्याला आपलेंही बोलणें समजत नसणार. हा समज चुकीचा होता. ग्रेगोरास प्रत्येक शब्द कळत होता. तो दाराला चिकटून, घरांत आपल्याविषयीं काय चाललें आहे तें ऐकत असे. ज्या घरांत तो इतकीं वर्षें कर्ता पुरुष होता तेथें तो आतां चोरून ऐकणारा झाला. एकान्तवास पुष्कळांनीं भोगला आहे. वाळवंटांतल्या तपस्व्यांनीं तो हौसेनें पत्करला. परंतु भिंतीपलीकडे आपलीं माणसें आपल्याविषयीं बोलत आहेत, आपणांस सर्व समजत आहे, आणि आपल्याशीं मात्र कोणी एक अक्षर बोलत नाहीं, हा एकान्त वेगळा. अर्धांगवायूनें वाचा गेलेला वृद्ध ज्या घरांत खाटेवर पडलेला आहे, आणि ज्याच्या उशाशींच त्याच्या औषधाच्या खर्चाची व त्याच्यामागें खोली कोणास द्यावयाची याची चर्चा चालते, त्या घरांतील मंडळींस आम्ही काय म्हणतों तें अधिक फोड करून सांगावयास नको.

हें ऐकत असतां ग्रेगोरास आणखी एक गोष्ट कळते. बापाचा धंदा बुडाला तेव्हां कांहीं थोडी पुंजी वांचली होती. शिवाय ग्रेगोर दरमहा जे पैसे घरांत देत असे, तेही सर्व खर्च होत नसत, त्यांतूनही शिल्लक पडली होती. बापानें हें मुलास कधीं सांगितलें नव्हतें. त्या पैशानें कर्ज लवकर फिटलें असतें, मुलाची सुटका लवकर झाली असती. ग्रेगोरास याचा राग येतो काय? मुळींच नाहीं. बापाची दूरदृष्टि पाहून त्यास आनंदच होतो! येथें आम्हांस ग्रेगोराविषयीं थोडें कठोर बोलावेसें वाटतें. जो सर्व कांहीं देतो आणि कांहींच मागत नाहीं, तो घरच्यांस घेण्याची संवय लावतो. प्रथम प्रथम त्यानें मेजावर ठेवलेली रोकड पाहून सर्वांचे डोळे आनंदानें भरत. पुढें घरचीं माणसें ती आभारपूर्वक घेत, तो आनंदानें देई, परंतु पूर्वीची ऊब राहिली नाहीं, असें लेखक स्वच्छ सांगतो. घर सोडून मुंबईस किंवा परमुलुखीं नोकरीस राहिलेल्या आणि दरमहा मनिऑर्डरी पाठविणाऱ्या ज्या पिढ्या आपण पाहिल्या, त्यांतील कित्येकांस हें वाक्य समजावून सांगावें लागणार नाहीं. शिवाय, फिरतीच्या संवयीनें ग्रेगोर स्वतःच्या घरींसुद्धां रात्रीं खोलीचीं सर्व दारें आंतून कुलूप लावून निजत असे. दार प्रथम त्यानें लावलें होतें. किल्ल्या बाहेरच्या बाजूस गेल्या त्या मागाहून.

आतां बहिणीकडे वळूं. ग्रेटे ही सतरा वर्षांची. ती व्हायोलिन छान वाजवी, आणि तिला संगीताच्या विद्यालयांत घालावयाचें, खर्चाची पर्वा करावयाची नाहीं, हा बेत ग्रेगोरानें मनांत ठरविला होता. नाताळच्या आदल्या सायंकाळीं तो घरांत सर्वांस सांगणार होता. रूपांतर नाताळापूर्वीं झालें आणि तो बेत त्याच्या पोटांतच राहिला. प्रारंभीं भावाची सेवा करिते ती हीच मुलगी. पूर्वीं त्यास दूध आवडत असे म्हणून पहिल्या दिवशीं तिनें दुधांत पाव कुसकरून ठेवला. त्यास तें तोंडांत घालवेना. ती रागावली नाहीं. दुसऱ्या खेपेस तिनें जुन्या वर्तमानपत्रावर नानाप्रकारचे पदार्थ मांडून ठेवले, त्यांत नासलेली भाजी होती, रात्रींच्या जेवणांतलीं हाडें होतीं, शिळें चीज होतें, बेदाणे-बदाम होते. ह्यांतलें काय रुचतें तें पाहूं म्हणून. तो खातांना ओशाळूं नये म्हणून ती बाहेर गेली आणि किल्ली फिरविली. हें खरें प्रेम आहे. दुसऱ्यास काय हवें तें विचारतां येत नसतां, पांच-सहा वस्तू पुढें ठेवून वाट पाहणें, यापेक्षां नाजूक सेवा आम्हांस तरी ठाऊक नाहीं. आणि ग्रेगोरानें काय करावें? आपलें रूप पाहून तिला शिसारी येते हें ओळखून त्यानें पाठीवरून एक चादर वाहून कोचावर नेली व ती अशी पसरली कीं आपण कोचाखालीं मुळींच दिसूं नये. एवढ्या कामास त्यास चार तास लागले. घर मोडत असतांही या दोघांमध्यें असें कांहीं चाललें होतें.

मग बिघडलें कोठें? काफ्का येथें कोणाही एकाचे माथीं खापर फोडीत नाहीं. सेवेलाही अहंकाराची कीड लागते, हें त्यानें फार सूक्ष्मपणें दाखविलें आहे. भावाची खोली ही ग्रेटेची मिरास होऊन बसते. पुढें एकदां आईनें ती खोली भरपूर पाणी घालून धुतली, तेव्हां ग्रेटेचा असा अपमान झाला कीं ती आकांत करून रडली. आणि खोली तर तेव्हां स्वतः ग्रेटेनेंच कित्येक दिवस झाडलेली नव्हती! करावयाचें नाहीं, आणि दुसऱ्यास करूं द्यावयाचें नाहीं. हा प्रकार आम्ही पुष्कळ घरांतून पाहिला आहे, आणि खरें बोलावयाचें तर पुष्कळ मंडळांतून व समित्यांतूनही पाहिला आहे.

सामान हलविण्याचा जो प्रसंग आहे, तो वाचकानें सावकाश वाचावा. ग्रेगोर भिंतींवरून व छतावरून सरपटत फिरूं लागला हें पाहून ग्रेटे म्हणते कीं कपाट व लिहावयाचें मेज बाहेर काढूं, म्हणजे त्यास मोकळी जागा होईल. हिशेब अगदीं बरोबर. परंतु आई, जी आजवर मुलाच्या खोलींत आली नव्हती, ती हळूच कुजबुजत हरकत घेते. तिचें म्हणणें असें कीं सामान काढलें म्हणजे तो बरा होण्याची आशा आपण सोडली असा त्याचा अर्थ होईल. खोली होती तशीच ठेवावी, म्हणजे तो परत येईल तेव्हां मधला काळ त्यास विसरतां येईल. दोघींमध्यें शहाणी कोण? ग्रेटे त्या किड्याची सोय पाहते. आई मुलाची जागा राखते. आणि आईचा आवाज ऐकून ग्रेगोर दचकतो: आपण माणूस होतों हें आपण जवळ जवळ विसरलोंच होतों, हें त्याच्या तेव्हां ध्यानीं येतें. तरी जय ग्रेटेचाच होतो. व्यवहाराचें बोलणें नेहमीं तरुण व सशक्त मनुष्याच्या बाजूचें असतें.

खोली रिकामी होऊं लागते. लहानपणापासून ज्या मेजावर अभ्यास केला तेंही चाललें. तेव्हां ग्रेगोर भिंतीवरल्या एका तसबिरीस जाऊन चिकटतो. मासिकांतून कापलेलें, केसाळ कातड्याचा पेहराव केलेल्या एका स्त्रीचें तें चित्र. त्याची चौकट त्यानें स्वतः फावल्या वेळीं कोरली होती. चित्र कांहीं फार मोलाचें नव्हे. परंतु पांच वर्षांच्या राबणुकींत स्वतःसाठीं म्हणून त्यानें केलेली ती एकच वस्तू. आई त्यास पाहते आणि मूर्च्छित पडते. ग्रेटे मूठ उगारून भावास नांवानें हांक मारते. रूपांतर झाल्यापासून त्याच्याशीं कोणी थेट बोललें असेल तर तें हेंच पहिलें बोलणें. आणि तें धमकीचें. तेवढ्यांत बाप घरीं येतो. दुबळा, खुर्चींतून न उठणारा बाप आतां पेढीच्या शिपायाच्या सोनेरी गुंड्यांच्या गणवेशांत ताठ उभा आहे. मुलगा खचला आणि बाप उभा राहिला, हें गणित लेखकानें न बोलतां मांडलें आहे. बाप मेजावरचीं सफरचंदें खिशांत भरतो आणि एकामागून एक मुलावर फेंकतो. एक घसरून जातें, दुसरें पाठींत रुततें. आई धांवत येऊन बापाच्या गळ्यास मिठी मारते व मुलाचे प्राण वांचवा म्हणून विनविते.

तें सफरचंद पाठींतच राहिलें. तें काढावयास कोणी धजलें नाहीं. येथें सफरचंद पाहिल्याबरोबर आदिमातापित्यांची आठवण होऊन पुष्कळ टीकाकारांनीं मोठमोठे अर्थ काढले आहेत. आम्हांस ते नको आहेत. घरांतील चार माणसांपैकीं एकानेंही हात पुढें करून तें फळ उचललें नाहीं, आणि तें कुजलें, एवढें पुरे आहे. जखमेमुळें मात्र घरच्यांस एवढें स्मरण झालें कीं हाही आपल्या कुटुंबाचा घटक आहे; किळस गिळून त्यास सोसणें, केवळ सोसणें, हें आपलें कर्तव्य आहे. सायंकाळीं दिवाणखान्याचें दार उघडें ठेवूं लागले, म्हणजे त्यानें अंधारांत बसून दिव्याच्या उजेडांतील कुटुंब पाहावें. कर्तव्य पार पाडलें, आणि आपुलकी कोठेंच नाहीं.

पुढील भाग आम्ही भरभर सांगतों. घरांत चणचण होते. आई फॅशनच्या दुकानासाठीं कपडे शिवते, ग्रेटे दुकानांत विक्रीस उभी राहते, तीन बिऱ्हाडकरू ठेवले जातात, आणि ग्रेगोराच्या खोलींत अडगळ टाकण्यास सुरुवात होते. घरकामास एक राकट म्हातारी येते. तिला त्याची भीति वाटत नाहीं. ती दार उघडून त्याच्याशीं चार शब्द बोलते, शेणकिड्याची उपमा देऊन चेष्टेनें कां होईना पण हांक मारते. संपूर्ण घरांत त्याच्याशीं रोज बोलणारी ती एकटी परकी बाई! तिचें बोलणें त्यास आवडत नसे, हें खरें.

मग तो व्हायोलिनचा प्रसंग. बिऱ्हाडकरू ग्रेटेस वाजवावयास सांगतात आणि थोड्याच वेळांत कंटाळतात. तें संगीत कोणास खरोखर ऐकूं येत असेल तर तें धुळीनें माखलेल्या, पाठींत कुजलेलें फळ वाहणाऱ्या ग्रेगोरास. तो मान पुढें करून तिच्याकडे सरकूं लागतो. ज्यास संगीतानें इतकें हलवावें तो पशु कसा, असें त्याच्या मनांत येतें. तिला आपल्या खोलींत बोलवावें, आणि नाताळचा तो बेत आतां तरी तिच्या कानांत सांगावा, असें त्यास वाटतें. तेवढ्यांत बिऱ्हाडकरूंची नजर त्याच्यावर पडते, ते भाडें न देतां घर सोडण्याची धमकी देतात, आणि ग्रेटे मेजावर हात आपटून निकाल सांगते.

त्या निकालांत ती भावाचें नांव घेत नाहीं. घेणार नाहीं, असें बजावून सांगते. 'तो' जाऊन आतां 'तें' आलें आहे. तें जनावर घालवलें पाहिजे. तें ग्रेगोर असतें तर केव्हांच आपण होऊन निघून गेलें असतें, असा तिचा युक्तिवाद. येथें आम्हांस लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांतील वडील मुलगा आठवतो. उधळ्या भाऊ परत आला असतां तो बापाशीं वाद घालतांना त्याला 'माझा भाऊ' म्हणत नाहीं. 'हा तुमचा मुलगा' असें म्हणतो. आणि बाप उत्तर देतांना हळूच तो शब्द दुरुस्त करून 'हा तुझा भाऊ' असें म्हणतो. सामसांच्या घरीं ही दुरुस्ती करणारा बाप नव्हता. म्हातारा सामसा एवढेंच पुटपुटतो कीं त्याला आपलें बोलणें समजलें असतें तर कांहीं तडजोड करतां आली असती. हें तो दोनदां म्हणतो. आणि ग्रेगोर त्याच खोलींत, दोन हातांवर, तें ऐकत असतो!

तो कसाबसा वळतो आणि परत आपल्या खोलींत जातो. मागें दार बंद होऊन कुलूप लागतें. कुलूप लावणारी ग्रेटेच. ती सुटकेचा उद्गार काढते. आपण नाहींसें झालें पाहिजे हें बहिणीचें मत त्यास तिच्याहूनही अधिक पटलेलें असतें. घरच्या माणसांविषयीं तो ममतेनें आणि प्रेमानें विचार करितो. मनोऱ्यावरील घड्याळांत पहांटेचे तीन वाजतात, खिडकीबाहेर उजाडूं लागतें, आणि तो मरतो. कांहीं वाचकांनीं या मरणांत आत्मबलिदान पाहिलें आहे. आमचें मत निराळें आहे. काफ्कानें पहिल्याच वाक्यांत किड्यासाठीं जो जर्मन शब्द योजिला, त्याचा मूळ अर्थ 'बळी देण्यास अपात्र असा प्राणी' असा होता, असें शब्दांचीं मुळें शोधणारे सांगतात. ग्रेगोरानें आपण होऊन प्राण दिला नाहीं. आपण नकोसे आहों हें ऐकतां ऐकतां त्यास तें खरें वाटूं लागलें, इतकेंच. ज्याला घरानें टाकलें तो शेवटीं घराचीच बाजू घेतो, ही या कथेंतील सर्वांत दुःखाची गोष्ट आहे, आणि हिला पवित्र म्हणून गौरविणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

सकाळीं मोलकरणीस तें कलेवर सांपडतें. बाप म्हणतो कीं आतां देवाचे आभार मानावयास हरकत नाहीं. तो क्रूसाची खूण करितो आणि तिघी स्त्रियाही करितात. लेखक यहुदी होता. त्यानें ही खूण कोणास दुखविण्यासाठीं लिहिली असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु ज्या हातांनीं सफरचंद फेंकलें, आणि ज्या हातांनीं तें काढलें नाहीं, ते हात कपाळास, छातीस व खांद्यांस लावले जातांना आपण पाहतों. ती खूण आपण रोज करितों. म्हणूनच हें पान इतर वाचकांपेक्षां आपणांस अधिक झोंबतें.

मग ती तिघें कामावर न जातां, मालकांस रजेचीं तीन पत्रें लिहून, ट्रामनें शहराबाहेर फिरावयास जातात. मार्च महिन्याचा अखेर, ऊन पडलेलें. आईबापांच्या लक्षांत येतें कीं मुलगी आतां सुंदर दिसूं लागली, तिच्यासाठीं चांगला नवरा पाहिला पाहिजे. ट्राम थांबते, मुलगी उभी राहून आळस देते, आणि कथा संपते. हाच तो शेवट, जो काफ्कास पसंत नव्हता. आम्हांस विचाराल तर यापेक्षां दुसरा शेवट खोटा झाला असता. घर पश्चात्तापानें कोसळत नाहीं. ऊन पडतें, भूक लागते, लग्नाचीं बोलणीं निघतात. मात्र एक विचार वाचकाच्या मनांतून जात नाहीं: ज्या घराला मुलाची किंमत तो मिळवितो तोंवरच होती, तें घर आतां मुलीकडे टक लावून पाहूं लागलें आहे.

काफ्कानें स्वतःच्याच घराचें हें चित्र काढलें काय, असें पुष्कळ जण विचारतात. त्याचा बाप हर्मान हा धिप्पाड व करड्या आवाजाचा दुकानदार होता, आणि १९१९ सालीं काफ्कानें त्यास सुमारें शंभर हस्तलिखित पानांचें एक पत्र लिहिलें, जें बापाच्या हातीं कधींच पडलें नाहीं. १९१२ च्या ऑक्टोबरांत घरच्यांनीं त्याच्या मागें लकडा लावला कीं मेव्हण्याच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यावर तूं लक्ष ठेव. आणि नेहमीं त्याची बाजू घेणारी धाकटी बहीण ओटला हीसुद्धां त्या वेळीं आईबापांकडे झाली. त्यानें माक्स ब्रोड या मित्रास अत्यंत निराशेचें पत्र लिहिलें. पुढल्याच महिन्यांत 'रूपांतर' लिहावयास घेतलें. तेव्हां ग्रेटेचा तो निकाल कोठून आला, याचा तर्क करण्यास जागा आहे. परंतु कथा ही फिर्याद नव्हे, आणि आम्ही त्या बापास येथें आरोपी करीत नाहीं. प्रकाशकास तर काफ्कानें बजावून लिहिलें होतें कीं मुखपृष्ठावर किडा काढूं नये, दुरूनही दाखवूं नये. त्यानुसार चित्रकारानें तोंडावर हात घेतलेला एक मनुष्य आणि त्याच्यामागें अर्धवट उघडें, काळोखी दार, एवढेंच काढलें.

ओटलाविषयीं दोन शब्द सांगून आम्ही खालीं बसतों, कारण ती ग्रेटे नव्हती. १९१७ सालीं भावाच्या तोंडावाटे रक्त पडलें व क्षय ठरला, तेव्हां ती त्सुराउ नांवाच्या खेड्यांत शेती पाहत होती. तिनें त्यास आपल्याकडे नेलें, आणि तो तेथें कित्येक महिने राहिला. पुढें नाझी अमलांत त्याच्या तिन्ही बहिणी मारल्या गेल्या. एली व वाली १९४१ सालीं लोड्झच्या बंदिस्त वस्तींत पाठविल्या गेल्या, त्या परत आल्या नाहींत. ओटला तेरेझीन येथें कैदेंत होती. १९४३ च्या ऑक्टोबरांत तेथून बियालिस्टोकच्या पोरक्या मुलांचा एक तांडा हलवावयाचा होता. त्या मुलांबरोबर जाण्यास ती आपण होऊन पुढें झाली. तीं मुलें आणि ती ऑशविट्झ येथें मारलीं गेलीं. प्राग येथील स्ट्राश्नित्से भागांतल्या यहुदी स्मशानभूमींत काफ्का पुरला आहे. १९३१ सालीं त्याचा बाप आणि १९३४ सालीं त्याची आई त्याच थडग्यांत ठेवण्यांत आलीं. तिघी बहिणींस थडगें नाहीं. त्यांचीं नांवें भावाच्या थडग्याच्या पायथ्याशीं एका फरशीवर कोरलेलीं आहेत.